मराठी पत्रक जुळवताना: टाइपोग्राफीचा पाया, क्रमाक्रमानं

टाइपोग्राफी, म्हणजे अक्षरांची निवड आणि मांडणी, शिकायला बसलेले बहुतेक मराठी विद्यार्थी इंग्रजी व्हिडिओंपासून सुरुवात करतात. तिथं सांगतात, मथळा कॅपिटलमध्ये करा, अक्षरांत थोडी हवा सोडा, जोर द्यायचा तिथं इटॅलिक वापरा. देवनागरीत कॅपिटल नाहीत, हवा सोडली की शिरोरेषा तुटते, आणि इटॅलिकचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर उभं अक्षर नुसतं ढकलून तिरकं करतं. तिन्ही सल्ले इथं निरुपयोगी.

दुसरी चूक क्रमाची. आधी फॉन्ट शोधायचा, मग सावली, मग रंग, आणि शेवटी मजकूर ओतायचा, अशी कामं सर्रास होतात. मजकूर ओतल्यावर कळतं की फॉन्टात ‘ऱ्य’ नाही. मग मजकुरालाच कात्री लागते.

म्हणून इथं एकच काम घेऊ आणि त्याच्यावरच सगळा पाया घालू: वाचनालयाच्या तीन दिवसांच्या व्याख्यानमालेचं ए४ पत्रक, एकाच बाजूला, फक्त काळ्या शाईत. चित्र नाही, रंग नाही. काळ्या-पांढऱ्यात जे पत्रक वाचवत नाही ते रंगानं सुधारत नाही, हे पहिल्या दोन-तीन प्रयत्नांतच दिसेल.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

पूर्ण मजकूर हवा. ‘पाहुण्यांचं नाव नंतर कळवतो’ असा अर्धवट नको, कारण नाव लांबलं की मांडणी बदलते. एक प्रिंटर हवा, साधा काळा-पांढरा चालेल. मिलिमीटरची पट्टी हवी. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, फक्त त्याला युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी नीट जोडता आली पाहिजे. इनडिझाइन आणि इलस्ट्रेटर परवडत नसतील तर स्क्रायबसच्या नव्या आवृत्त्या आणि इंकस्केप फुकट आहेत, दोन्हींत जोडाक्षरं बरोबर येतात. कोरलच्या फार जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी तुटते, म्हणून गावोगावी अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. शिकणाऱ्यानं त्या वाटेनं जाऊ नये. तो मजकूर नंतर ना शोधता येतो, ना दुसऱ्या फॉन्टात नेता येतो.

## पायरी १: मजकूर आधी स्वच्छ करा

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती वगळली जाते आणि छापल्यावर सगळ्या चुका तिच्यातूनच निघतात.

मजकूर तुमच्याकडे तीन वाटांनी येतो: व्हॉट्सॲपवरून, पीडीएफमधून कॉपी करून, किंवा श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांतून कन्व्हर्टरनं बदलून. पीडीएफमधून कॉपी केलेली मराठी जवळजवळ नेहमी मोडलेली असते. दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ फाइल मागा. कन्व्हर्टरचा मजकूर वरवर ठीक दिसतो, आत मात्र घोळ असतात. सगळ्यात आधी तो एखाद्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाका आणि पुढच्या गोष्टी ‘फाइंड’ लावून शोधा.

कुऱ्हाडीतला र. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचे’, ‘कऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांत र आडवा, य किंवा ह च्या डावीकडे बसतो. ‘सूर्य’, ‘आचार्य’ यांत तो रफार होऊन डोक्यावर जातो. ‘दुसर्या’ असं दिसलं तर ती टायपिंगची चूक आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्याचा पाय मोडून पुढे य लिहिला की काम झालं.

तुकड्यांचा आ. ‘आणि’ हा शब्द अ आणि काना वेगवेगळे टाइप करून ‘अाणि’ असा लिहिलेला असतो. काही फॉन्टांत तो अगदी बरोबर दिसतो, म्हणून सापडत नाही. फॉन्ट बदलला की कान्याआधी टिंबांचं वर्तुळ उगवतं. ‘ओ’, ‘औ’, ‘ऐ’ यांचंही तेच. एकेक करून शोधा आणि बदला.

ॲ आणि ऑ. ‘ॲप’, ‘ॲड.’ यांतला ॲ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे आणि ते २००८ साली दाखल झालं. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं. मजकुरात हे अक्षर असेल तर फॉन्ट निवडताना लक्षात ठेवा.

विसर्ग आणि अपूर्णविराम. ‘दु:ख’मध्ये बहुतेकजण कोलन मारतात. खरा विसर्ग ‘दुःख’. उलटंही होतं: ‘स्थळः’ असं लिहून पुढे पत्ता. तिथं कोलन हवा. पडद्यावर फरक बारीक दिसतो, पण मोठ्या आकारात विसर्गाची टिंबं आणि कोलनची टिंबं वेगळ्या उंचीवर बसतात आणि ओळ तिथं तुटू शकते.

मोकळ्या जागा. दुहेरी स्पेस काढा. स्वल्पविरामाच्या आधी जागा नको, नंतर हवी. मथळा मधोमध आणण्यासाठी कुणी स्पेसबार दाबत बसलं असेल तर त्या सगळ्या जागा उडवा.

> तपासा: स्वच्छ मजकूर दोन वेगळ्या युनिकोड फॉन्टांत आलटून-पालटून पाहा. दोन्हींत टिंबांचं वर्तुळ, सुटलेली वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर कुठंच नसेल तरच पुढे चला.

शुद्धलेखनही इथंच उरकून घ्या. मांडणी झाल्यावर एक र्‍हस्व वेलांटी दीर्घ केली तरी ओळ सरकते.

## पायरी २: सॉफ्टवेअरला सांगा की ही मराठी आहे

वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं सुटी पडली, की लोक फॉन्टाला शिव्या देतात. दोष बहुतेकदा सेटिंगचा असतो.

इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ निवडा. एकही फाइल उघडी नसताना हे केलं तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला ते आपोआप लागू होतं. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ला खूण करा आणि मग तिथलाही वर्ल्ड-रेडी कंपोझर घ्या. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत त्याच विभागात मजकुराचं इंजिन बदलावं लागतं. तसं पाहता बारीक मजकूर फोटोशॉपमध्ये जुळवूच नये.

मग मजकुराची भाषा ‘मराठी’ करा. याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. ल आणि श यांची मराठी रूपं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. २०२२च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टांत दोन्ही रूपं आत असतात आणि भाषा मराठी सांगितली की मराठी रूप पुढे येतं. भाषा सांगायची सोयच नसलेल्या ऑनलाइन साधनांत मराठी रूपं आधीपासून असलेला फॉन्ट शोधावा लागतो. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मुद्दाम तसाच बनवलेला आहे.

ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर) शून्यावर, कर्निंग (शेजारच्या दोन अक्षरांमधलं अंतर) ‘मेट्रिक्स’वर, म्हणजे फॉन्टात दिलेल्या मापांवर ठेवा. ‘ऑप्टिकल’ कर्निंग अक्षरांचे आकार पाहून अंतर ठरवायला जातं आणि शिरोरेषेचे सांधे बिघडवतं.

> सावध: देवनागरीत ट्रॅकिंग वाढवणं ही सवलत नाही, बिघाड आहे. अक्षर दहा पॉइंटचं असताना फट दिसत नाही. तेच काम फ्लेक्सवर गेलं की प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चीर दिसते. मथळा रुंद हवा असेल तर आकार वाढवा किंवा रुंद बांध्याचा फॉन्ट घ्या.

## पायरी ३: फॉन्ट निवडा, पण परीक्षा घेऊन

मजकुरासाठी एकच फॉन्टकुटुंब घ्या आणि त्यात निदान तीन-चार जाड्या असाव्यात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट सात जाड्यांत मिळतो, नोटो सान्स देवनागरी नऊ जाड्यांत. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि त्यांच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा आहे. तिरो देवनागरी मराठी वाचायला देखणा, पण त्यात ठळक जाडी नाही. ठळकचं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर कडा फुगवून खोटा ठळक बनवेल, आणि द्ध, ष्ठ, ङ्म यांची पोटं बुजतील. मोदक आणि बालू हे मथळ्याचे फॉन्ट. त्यांत परिच्छेद लावणाऱ्यांनी तो एकदा स्वतः वाचून पाहावा.

‘मंगल’ विंडोजच्या पडद्यासाठी बनला आहे. तो संगणकात आयता आहे म्हणून छापायला घेऊ नका.

नाव आणि नमुन्याचं चित्र पाहून फॉन्ट निवडला जातो, ही इथली खरी चूक. नमुन्यात बहुधा अवघड जोडाक्षरं नसतात. त्याऐवजी हा उतारा प्रत्येक उमेदवाराला लावा:

विद्यार्थ्यांची वाङ्मयसभा, उद्ध्वस्त षट्कोन, दुसऱ्या कुऱ्हाडीचं दुःख, पाश्चात्त्य शृंगार, हृदय, लक्ष्मी, काँग्रेस, ॲप, ऑक्टोबर, ट्रॅक्टर, ०१२३४५६७८९

काय पाहायचं? ‘र्थ्यां’मध्ये रफार आणि अनुस्वार शेजारी-शेजारी सुटे बसतात की एकमेकांवर चढतात. ‘ङ्म’ जुळतं की ङ चा पाय मोडतो. ‘ट्रॅ’मध्ये खालचा र आणि वरचा चंद्र दोन्ही शाबूत आहेत का. ‘काँ’चा चंद्रबिंदू कान्याला चिकटतो का. एखादं जोडाक्षर उभं न जुळता आडवं आलं तर ती चूक नाही, नव्या फॉन्टांत तशी पद्धत आहे. पाय मोडण्याची खूण ढळढळीत दिसणं मात्र मथळ्यात खटकतं.

> तपासा: हा उतारा १२ पॉइंटला छापून हातभर अंतरावर धरा. पडद्यावर मोठा करून पाहिलेला फॉन्ट कागदावर वेगळा वागतो.

## पायरी ४: आकार, ओळींमधलं अंतर, ओळीची लांबी

या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. एक हलवली की उरलेल्या दोन पुन्हा पाहाव्या लागतात. पत्रकाचा कस इथंच लागतो, म्हणून घाई नको.

आकार. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर. पण ‘१२ पॉइंट’ म्हटल्यानं अक्षर किती मोठं दिसेल ते कळत नाही, कारण तो आकडा अक्षराभोवतीच्या अदृश्य चौकटीचा असतो. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं यांच्यासाठी कोण किती जागा राखतो ते फॉन्टागणिक बदलतं. म्हणून हे करा: ‘कमल’ हा शब्द ७२ पॉइंटला दोन्ही फॉन्टांत छापा आणि शिरोरेषेपासून तळापर्यंत पट्टीनं मोजा. समजा एक १४ मिलिमीटर भरला आणि दुसरा १२. मग पहिला १२ पॉइंटला जेवढा दिसतो तेवढा दिसायला दुसरा १४ पॉइंट लागेल. एवढं गणित केलं की ‘या फॉन्टात मजकूर बारीक का दिसतोय’ हा प्रश्न उरत नाही.

हातात धरून वाचायच्या पत्रकाला मजकूर ११ ते १३ पॉइंटच्या दरम्यान बसतो. वाचनालयात येणाऱ्यांत साठीपुढचे बरेच असतात, तेव्हा मी १३ कडे झुकेन. तळटीप ९ च्या खाली नेऊ नका. इंग्रजी ७ पॉइंटलाही निभावतं, ‘द्ध्व’ निभावत नाही.

ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअरचं ‘ऑटो’ म्हणजे बहुधा आकाराच्या १२० टक्के, १२ पॉइंटला १४.४. इंग्रजीला ते पुरतं. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकाच पट्टीत येतात. १२ पॉइंटच्या मजकुराला १७ किंवा १८ पॉइंट अंतर लागतं, म्हणजे १४० ते १५० टक्के. नक्की किती ते या दोन ओळींनी ठरवा, एकीखाली दुसरी लावून:

सुट्टीत कुटुंबाची शुद्ध बुद्धी, हृदय, षट्कोन
विद्यार्थ्यांची कीर्ती, सर्वांची मैत्री, मूर्तींची

वरच्या ओळीचं टोक खालच्या ओळीला टेकत नसेल एवढ्यावर थांबू नका. दोन ओळींच्या मधून आडवी पांढरी पट्टी डावीकडून उजवीकडे सलग जाताना दिसली पाहिजे. वाचणाऱ्याची नजर ओळीच्या शेवटून परत येताना तिच्याच आधारानं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पोचते.

आकडा हातानं घाला, ‘ऑटो’वर सोडू नका. मध्येच एखादा इंग्रजी शब्द वेगळ्या फॉन्टात किंवा मोठ्या आकारात आला की ‘ऑटो’ तेवढ्याच ओळीचं अंतर वाढवतं आणि परिच्छेद मध्येच फाटल्यासारखा दिसतो.

मथळ्याला उलटा नियम. ४० पॉइंटच्या दोनओळी मथळ्याला १५० टक्के अंतर दिलं तर त्या दोन ओळी एकमेकींच्या वाटत नाहीत. तिथं ११० ते १२५ टक्क्यांत खेळा आणि प्रत्यक्ष अक्षरं पाहून ठरवा. वरच्या ओळीत उकार नसेल तर आणखी जवळ आणता येतं.

ओळीची लांबी. ए४ ची रुंदी २१० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना २० चा समास सोडला तरी १७० उरतात आणि १२ पॉइंटच्या मजकुराला ते फार होतात. एका ओळीत आठ ते अकरा शब्द आले की वाचन सुखाचं होतं. १२ पॉइंटला ते ११० ते १३० मिलिमीटरमध्ये मावतं. उरलेली जागा भरायलाच हवी असं काही नाही. डावीकडे रुंद समास ठेवून त्यात फक्त वार आणि तारीख लावा, व्याख्यानमालेला हे फार छान बसतं.

> सावध: मजकूर मावत नाही म्हणून आडवी रुंदी ७०-८० टक्के करणं हा फ्लेक्सवरचा नेहमीचा उद्योग. अक्षर दाबलं की उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. सगळी ओळ वरून जड, खालून अशक्त दिसते. मजकूर कमी करा, नाहीतर मुळातच अरुंद बांध्याचा फॉन्ट घ्या.

## पायरी ५: आधी काय वाचायचं ते ठरवा

कागदावर पेन्सिलनं उतरवा: लांबून काय दिसावं, जवळ आल्यावर काय, आणि हातात घेतल्यावर काय. आमच्या पत्रकात पहिलं ‘व्याख्यानमाला’ आणि तारखा. दुसरं प्रत्येक दिवसाचा विषय आणि वक्ता. तिसरं स्थळ, वेळ, संपर्क. तीनच पातळ्या. संस्थापकांचं नाव, बोधचिन्ह, ‘सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’ हे सगळं तिसऱ्यात. कार्यकारिणीला हे पटवणं हा टाइपोग्राफीचा भाग नाही, पण टाळताही येत नाही.

आता पूर्ण मजकूर एकाच आकारात, एकाच जाडीत लावा आणि पातळ्या फक्त मोकळ्या जागेनं वेगळ्या करून पाहा. एका दिवसाचे तपशील एकमेकांजवळ, दोन दिवसांमध्ये त्याच्या दुप्पट अंतर. एवढ्यानंच पत्रक अर्धंअधिक सुटसुटीत होतं. त्यानंतर जाडी बदला. सगळ्यात शेवटी आकार: मजकूर १२, विषय १८, मथळा ४० किंवा त्याहून मोठा. १२ च्या शेजारी १४ ठेवलंत तर ते चुकून झाल्यासारखं दिसतं.

जोर द्यायला इटॅलिक नको, अधोरेखन तर नकोच. अधोरेषा उकारांना कापत जाते आणि वर शिरोरेषा आधीच आहे, त्यामुळे शब्द दोन रेघांत कोंडतो. एक जाडी वाढवा, पुरे.

> तपासा: पत्रक भिंतीला लावून चार पावलं मागे या आणि डोळे किलकिले करा. तीन काळे पुंजके वेगवेगळे दिसायला हवेत. सगळा कागद एकसारखा करडा दिसला तर पातळ्या ठरल्याच नाहीत.

## पायरी ६: ओळी अर्थानं तोडा

मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात: ‘महानगरपालिकेच्या’, ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’. असे लांब शब्द अरुंद रकान्यात दोन्ही कडांना ताणून बसवले की शब्दांमध्ये खड्डे पडतात. म्हणून पत्रकात मजकूर डावीकडून सरळ लावा आणि उजवी कड मोकळी सोडा. दोन्ही कडा सरळ हव्याच असतील तर जस्टिफिकेशनमध्ये फक्त शब्दांमधलं अंतर बदलू द्या. अक्षरांमधलं अंतर तिथल्या तिन्ही रकान्यांत (किमान, इष्ट, कमाल) शून्य, अक्षराची रुंदी शंभर टक्के.

परिच्छेद मधोमध आणू नका. मधोमध मांडणी मथळ्याला आणि लग्नपत्रिकेला शोभते.

मथळ्याच्या ओळी सॉफ्टवेअरवर सोडल्या तर हे होतं:

पाणी आणि
आपलं गाव: दुष्काळी
भागातील शेतकऱ्यांचे
अनुभव

हेच हातानं तोडलं तर:

पाणी आणि आपलं गाव
दुष्काळी भागातील शेतकऱ्यांचे अनुभव

दुसऱ्यात कोलनचीही गरज उरली नाही, ओळीनंच ते काम केलं. दुसरी ओळ एक आकार खाली घ्या.

‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘श्री.’ ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीत, असं होऊ देऊ नका. ‘सायं. ६ वा.’, ‘रु. १००’, ‘ता. १५’ यांचंही तेच. मधे न तुटणारी स्पेस घाला. ओळीच्या शेवटी एकटा ‘व’ किंवा ‘हा’ लोंबकळत असेल तर त्याला खाली घ्या.

## पायरी ७: इंग्रजी आणि आकडे

मुक्त, नोटो, पॉपिन्स यांच्यात देवनागरी आणि रोमन अक्षरं एकमेकांना जुळवून काढलेली आहेत. संकेतस्थळाचा पत्ता त्यातच लावा, दुसरा फॉन्ट शोधू नका. वेगळा घ्यावाच लागला तर रोमनची लहान अक्षरं शिरोरेषेच्या किंचित खाली राहतील असा आकार करा. कॅपिटलमधली लघुरूपं शेजारच्या मराठीपेक्षा ओरडतात, त्यांना दहाएक टक्के लहान करा.

आकडे एकाच लिपीत ठेवा. तारखेला ‘१५’ आणि वेळेला इंग्रजी सहा, हे फार दिसतं. फोन नंबरपुरता अपवाद मला मान्य आहे, कारण तो पाहून डायल करायचा असतो. पत्रकभर मात्र तोच नियम पाळा.

## पायरी ८: कडा, वळण, उलटं छपाईकाम

इथवरचं पत्रक चांगलं दिसत असेल तर या पायरीची गरज नाही. तरीही गिऱ्हाईक मथळ्याला कड मागतंच.

कड लावली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर, शिरोरेषेत, उभी रेघ दिसते. कारण शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि कड प्रत्येक अक्षराला स्वतंत्र लागते. उपाय दोन. इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनेलातून नवी स्ट्रोक घेऊन ती अक्षरांच्या खाली ओढा, कोरलमध्ये आउटलाइनला ‘बिहाइंड फिल’ची खूण करा. नाहीतर मजकूर कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून) सगळी अक्षरं वेल्ड करा (जोडून एकजीव करा) आणि मग कड द्या. कर्व्ह करण्याआधी मूळ मजकुराची प्रत बाजूला ठेवा. नाव चुकलंय हे नेहमी कर्व्ह केल्यानंतरच कळतं.

कमानीवर मजकूर चढवला की प्रत्येक अक्षर आपापलं फिरतं आणि शिरोरेषा पायऱ्यांसारखी मोडते. कमान जितकी लहान तितकं वाईट. सरळ ओळ कर्व्ह करून मग अख्खा आकार वाकवा. उभा मजकूर लावताना अक्षर म्हणजे पूर्ण जोडाक्षर धरा: ‘स्वा’, ‘ग’, ‘त’. ‘स्’ वर आणि ‘वा’ खाली, असं नको.

काळ्या पट्टीवर पांढरा मजकूर असेल तर एक जाडी वर घ्या. शाई पसरते आणि बारीक पांढऱ्या रेषा गिळते.

## पायरी ९: प्रूफ आणि प्रेस

खऱ्या आकारात छापा. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ काढून शंभर टक्के करा, नाहीतर वर मोजलेले सगळे आकडे फुकट. प्रूफ दुसऱ्याला वाचायला द्या. स्वतः वाचताना नावं, वार-तारखेचा मेळ, वेळ आणि फोन नंबर एवढंच, आणि तेही मूळ कागदाशी बोट ठेवून ताडून पाहा. मग एक फेरी फक्त शिरोरेषेच्या वरच्या भागाची: रफार, अनुस्वार, मात्रा. दुसरी फेरी फक्त खालच्या भागाची.

काळा मजकूर निव्वळ शंभर टक्के काळ्यात ठेवा. चार शाईंचा काळा बारीक अक्षरांना नको, छपाई जराशी सरकली तरी कडेला रंगीत सावली दिसते. कडेपर्यंत जाणारी पट्टी असेल तर चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्त सोडा आणि मजकूर कडेपासून निदान ८ मिलिमीटर आत ठेवा.

प्रेसला फॉन्ट आत घातलेली पीडीएफ द्या. उघडी फाइल द्यावी लागलीच तर सगळा मजकूर कर्व्ह करून द्या, कारण तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली की वेलांट्या उड्या मारतात. कर्व्ह केलेली फाइल आणि आधीचं प्रूफ खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहा.

फ्लेक्सचं काम असेल तर अंतराचा ठोकताळा वापरा: दर तीन मीटरला अक्षराची उंची निदान २५ मिलिमीटर. रस्त्यापलीकडून, १२ मीटरवरून वाचायचं असेल तर १० सेंटिमीटर.

व्हॉट्सॲपला हेच ए४ पाठवायचं मनात असेल तर थांबा. फोनच्या पडद्याची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर, म्हणजे ए४ च्या एक तृतीयांश. तुमचा १२ पॉइंटचा मजकूर तिथं ४ पॉइंटचा होतो. त्यासाठी १०८० बाय १३५० पिक्सेलची वेगळी मांडणी करा, सगळ्यात बारीक मजकूर ४० पिक्सेलच्या खाली नेऊ नका, आणि त्यात पहिल्या दोन पातळ्यांसोबत फक्त स्थळ आणि वेळ घ्या. बाकीचं सोबतच्या संदेशात टाइप करून पाठवा. निघण्याआधी ते चित्र स्वतःलाच पाठवून, बोटांनी मोठं न करता, फोनवर वाचून पाहा.